टप, डिकी आणि स्टेपनी

मंडळी, मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोमवारची सकाळ, बाहेर आपला नेहमीचा आयरिश पाऊस, म्हणजे धड पडतही नाही आणि धड थांबतही नाही असा. ऑफिसला निघायचं म्हणून गाडीत बसलो, क्लचवर पाय ठेवला आणि बुटाखालून 'पचक्' असा आवाज आला. वाकून बघतो तर कार्पेटचं तळं झालेलं! सीटच्या मागे हात घातला, तिथेही तीच कथा.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. दोन सीटची, टप उघडणारी, म्हणजे जिला कन्व्हर्टिबल म्हणतात तसली ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली. 'सेकंड हँड' म्हणायची पद्धत आहे, पण कागदपत्रं बघता मी तिचा पाचवा मालक. (घरात दुसरी शहाणी गाडी आहे, मुलं आणि किराणा तिच्यातून जातात.) कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कोणाचा होता ते पुढे येईलच. गाडी घेतली तेव्हा आमच्या सौ.नी एकच वाक्य ऐकवलं होतं, "आयर्लंडमध्ये उघडी गाडी घेणं म्हणजे कोयनानगरला मिठागर काढणं!" ती रत्नागिरीची, तिला पाऊस आणि मीठ दोन्ही कळतात.

एका गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्यानं लांबूनच बघून "नवीन टप टाकावा लागेल" असं सांगितलं आणि जो आकडा उच्चारला त्यात आमची चौघांची भारतवारी झाली असती. म्हणजे आता दोनच मार्ग, गाडी विकायची किंवा पाण्यात पाय ठेवून चालवायची.

संध्याकाळी कराडला फोन लावला. बाबांनी एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं जीप चालवली. पाटण, हेळवाक, कोयनानगर असा सगळा पावसाचा मुलूख, आणि जीप ताडपत्रीच्या टपाची. मी सगळं रडगाणं गायल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं,

"टप गळतोय की तळ तुंबलाय?"

"म्हणजे?"

"अरे, टप गळणारच. ताडपत्री आहे ती, स्लॅब नव्हे. आत आलेलं पाणी बाहेर कुठून जातं ते सांग."

मला सांगता येईना. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "इंजिनिअर ना तू?"

"कॉम्प्युटरचा, बाबा."

"बरं. गाडी बनवणाऱ्यानं पाण्याला वाट ठेवलेली असणार. ती शोध आधी. टपाचं नंतर बघू."

शोधायला बसलो आणि (आमच्या धंद्यातल्या खोडीप्रमाणे) गाडी उघडायच्या ऐवजी गाडीचा इतिहास उघडून बसलो. बिघाडाच्या मुळाशी जायचं म्हटलं की आम्ही लोक जरा जास्तच मुळाशी जातो. पण त्यातून जे हाती लागलं ते इतकं मजेशीर होतं, की या अंकासाठी लिहायचं ठरवलं.

पहिली गोष्ट ही की सुरुवातीला मोटारी मुळात उघड्याच होत्या. कार्ल बेंझनं १८८६ साली ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं तिला टप नव्हता, समोर काच नव्हती, दारंसुद्धा नव्हती. बसायचं, डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि धूळ खात जायचं. बंद गाडी ही श्रीमंतांची चैन. त्यामुळे 'कन्व्हर्टिबल' म्हणून वेगळा प्रकार असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे या उघड्या गाड्यांच्या इतिहासातला एक मोठा दिवस आपल्या किल्डेअर काउंटीत उगवला होता, मेनूथपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर. मी इथे सहा वर्षं राहतोय, मला पत्ताच नव्हता! आपल्याला मेनूथ म्हणजे १७९५ सालचं कॉलेज, पडका किल्ला आणि रॉयल कॅनॉल एवढंच ठाऊक. फार तर लेक्सलिपचं इंटेल.

मग काय, फूटमॅट हॉट प्रेसमध्ये वाळत घातले, सीटखाली जुने टॉवेल कोंबले आणि पहिल्या कोरड्या रविवारी टप उघडून नेस, किलकलन करत अथायच्या रस्त्याला लागलो. (इंग्रजी स्पेलिंग बघून कोणी 'अथी' म्हणू नका, इथले लोक हसतात.) अथायच्या थोडं अलीकडे आर्डस्कल नावाची नॉर्मन काळातली मातीची टेकडी लागते. तिथे १९०३ सालच्या गॉर्डन बेनेट शर्यतीचं स्मारक आहे.

या शर्यतीची हकीकत जरा सविस्तर सांगतो. जेम्स गॉर्डन बेनेट हा 'न्यूयॉर्क हेराल्ड' या वर्तमानपत्राचा मालक. अफाट पैसा आणि तितकाच लहरी स्वभाव. त्यानं देशादेशांमधल्या मोटार शर्यतीसाठी एक चषक ठेवला आणि १९०० पासून त्याची शर्यत सुरू झाली. एका देशाच्या तीनच गाड्या, आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा, असा कडक नियम. १९०१ साली सेल्विन एज या इंग्रज गड्याच्या नेपियर गाडीला ब्रिटिश टायर पुरेनात, म्हणून त्यानं फ्रेंच टायर घातले, तर गाडी चषकासाठी अपात्र ठरली! पुढच्या वर्षी, १९०२ मध्ये, मात्र तोच एज जिंकला आणि नियमाप्रमाणे १९०३ ची शर्यत भरवायचा मान ब्रिटनकडे आला.

आणि तिथेच पंचाईत झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा मोटारींना ताशी १२ मैलांची मर्यादा होती. १२ मैलांनी शर्यत कसली लावणार, वरात काढता येईल फार तर! मग नजर गेली आयर्लंडकडे, जो तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता. रस्ते मोकळे, वस्ती विरळ, आणि इथल्या लोकांनाही चार पाहुणे येतील, हॉटेलं भरतील अशी आशा. एरवी लंडनच्या पार्लमेंटात आयर्लंडच्या प्रश्नावर कोणाचं कोणाशी जमत नसे, पण या एका बाबतीत जमलं. या शर्यतीपुरता म्हणून खास कायदा झाला आणि २७ मार्च १९०३ रोजी त्यावर राजाची मोहर उठली.

मध्येच मे महिन्यात पॅरिस–माद्रिद शर्यतीत भयानक अपघात झाले. मार्सेल रेनॉं (हो, तेच रेनॉं गाडीवाले, तीन भावांपैकी एक) त्यात गेला आणि फ्रेंच सरकारनं शर्यत बोर्डोलाच थांबवली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत आयर्लंडची शर्यत. लोकांच्या जिवाला घोर लागला असणार. रस्ता मात्र एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा न ठेवता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा बंद ठेवला होता. एक वेटोळं किलकलन, कॅसलडरमट, कार्लो, अथाय असं सुमारे ४० मैलांचं. दुसरं किलकलन, किल्डेअर, मोनास्टरेव्हन, स्ट्रॅडबॅली, अथाय असं सुमारे ५२ मैलांचं. पहिलं तीन वेळा, दुसरं चार वेळा, एकूण ३२७ मैलांच्या वर. गावातून जाताना गाडीच्या पुढे सायकलस्वार, आणि त्याच्या मागून हळूहळू गाडी. ८० हॉर्सपॉवरचं धूड सायकलच्या मागे आज्ञाधारक मुलासारखं चाललंय, हे चित्र डोळ्यासमोर आणा!

२ जुलै १९०३, गुरुवार. बॅलीशॅननचा चौक (डोनेगलमधलं बॅलीशॅनन वेगळं, हे आपल्या किल्डेअरचं). सकाळी सात वाजता एजची गाडी सुटली आणि मग दर सात मिनिटांनी एकेक. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका मिळून १२ गाड्या. ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात होत्या. पुढे जगभर प्रसिद्ध झालेला ब्रिटिश शर्यतींचा हिरवा रंग म्हणजे आयर्लंडला दिलेला मान, असं इथे अभिमानानं सांगतात.

सगळ्याच गाड्या अर्थातच उघड्या. टप नाही, मडगार्ड नाही, कारण वजनाची कमाल मर्यादा १००० किलो आणि इंजिनं अवाढव्य. ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक. तो शोभेला नसे. इंधनाच्या टाकीत हातपंपानं दाब ठेवणं, इंजिनाला तेल पोचवणं, मागून कोण येतंय ते बघणं आणि टायर फुटला की उडी मारून कामाला लागणं ही त्याची कामं. 'शोफर' या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थच मुळी 'तापवणारा', म्हणजे बॉयलर पेटवणारा. वाफेच्या गाड्यांच्या काळातला शब्द तो. गाडी चालवणं आणि गाडी सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत ही कल्पना फार नंतरची. बाबांच्या नोकरीतही ती नव्हती. रोज सकाळी बॉनेट उघडून तेल-पाणी बघितल्याशिवाय त्यांनी जीप कधी सुरू केली नाही.

आता गंमत बघा. त्या दिवशी कोण कशामुळे मागे पडलं याची यादी केली तर ती शर्यतीची कमी आणि गॅरेजच्या वहीची जास्त वाटते. अमेरिकेच्या अलेक्झांडर विंटनची गाडी कार्ब्युरेटरच्या दुखण्यानं सुरुवातीलाच अडून बसली. अमेरिकेच्या तिन्ही गाड्यांपैकी एकही शेवटपर्यंत पोचली नाही. ब्रिटनचा स्टॉक्स पहिल्याच फेरीत रस्ता सोडून बाहेर गेला. गतविजेता एज टायरांनी बेजार झाला, पोचला तो फार उशिरा आणि वर बादही ठरला. चार्ल्स जॅरटच्या नेपियरचं स्टिअरिंग स्ट्रॅडबॅलीच्या बाजूला ऐन वेगात निकामी झालं आणि गाडी उलटली. तो आणि त्याचा मेकॅनिक बियांकी दोघेही गेले असं समजून लोकांनी त्यांच्यावर चादरी टाकल्या होत्या. दोघेही जिवंत होते! जर्मनीच्या बाजूनं धावणाऱ्या बॅरन द काटेरनं हा अपघात पाहिला. पुढच्या खेपेला प्रेक्षकांच्या स्टँडपाशी त्यानं भर शर्यतीत स्वतःची गाडी थांबवली आणि जॅरटच्या माणसांना सांगितलं की तो जिवंत आहे, काळजी नको. मग पुढे गेला. शर्यतीच्या सगळ्या हकिकतीत मला हा प्रसंग सर्वांत आवडला. काटेरला नंबर मिळाला नाही. पुढे त्याच्या गाडीचा आस तुटला.

आणि जिंकलं कोण? कामिल जेनात्झी नावाचा लाल दाढीचा बेल्जियन, जर्मन मर्सिडीझ घेऊन. यातली खरी मेख पुढे आहे. जर्मनांनी या शर्यतीसाठी ९० हॉर्सपॉवरच्या खास गाड्या बनवल्या होत्या. १० जून १९०३ ला, म्हणजे शर्यतीच्या तीन आठवडे आधी, कानश्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि त्या जळून गेल्या. मग कंपनीनं ज्या गिऱ्हाइकांना ६० हॉर्सपॉवरच्या गाड्या विकल्या होत्या त्यांच्याकडे त्या परत मागितल्या. क्लॅरेन्स ग्रे डिन्समोर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं आपली रोजच्या वापरातली गाडी दिली. तिची आरामशीर बॉडी उतरवून दोन साध्या सीटा बसवल्या आणि तीच गाडी जेनात्झीनं पळवली. ६ तास ३९ मिनिटं, सरासरी ताशी ४९ मैल. मागोमाग साधारण बारा मिनिटांनी पानार गाडीवर फ्रान्सचा द क्निफ, तिसरा फार्मान (हा पुढे विमानांमुळे जास्त प्रसिद्ध झाला), चौथा गाब्रिएल. हे तिघेही कागदावर जेनात्झीपेक्षा जास्त ताकदीच्या गाड्या घेऊन आले होते. जिंकली ती उसनी आणलेली, रस्त्यावर वापरून नीट बसलेली गाडी.

जेनात्झी हा अवलियाच. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारा पहिला माणूस तोच, आणि तेही विजेच्या गाडीतून! आज इलेक्ट्रिक गाडीच्या रांगेत नाव नोंदवणाऱ्या मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवतो. त्याचा शेवटही जगावेगळा. १९१३ साली मित्रांबरोबर शिकारीला गेला असता गंमत म्हणून त्यानं झुडपामागून जनावराचा आवाज काढला. आवाज इतका हुबेहूब होता की मित्रानं गोळी झाडली.

अथायला चहा घेताना आणखी एक कळलं. दक्षिण ध्रुवाकडे मोहिमा नेणारा अर्नेस्ट शॅकल्टन जवळच्याच किलकीचा. त्यानं १९०८ साली अंटार्क्टिकावर पहिली मोटार नेली, अ‍ॅरल-जॉन्स्टन कंपनीची, आणि तीही उघडीच! मऊ बर्फात तिची चाकं जागच्या जागी फिरत राहायची. आपलं पाणी परवडलं.

असो. टायरांचं मात्र अजून थोडं सांगायला हवं, कारण तो विषयही आयर्लंडचाच. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून त्यानं चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या गुंडाळल्या आणि १८८८ साली पेटंट घेतलं. (पुढे कळलं की थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं ही कल्पना चाळीस वर्षं आधीच नोंदवली होती.) लगेच पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली आणि टायर स्टीफन स्ट्रीटवर बनायला लागले. हवेच्या टायरमुळे मोटारीला वेग आला खरा, पण त्याबरोबर पंक्चरही आलं. १९०३ साली चाक काढून दुसरं लावायची सोय नव्हती. टायर तिथल्या तिथे, पहारीसारख्या पट्ट्यांनी उचकटून, ट्यूब दुरुस्त करून पुन्हा चढवायचा. उघड्यावर, पावसात, चिखलात.

याला तोड काढली वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी. १९०४ साली त्यांनी टायर चढवलेली, हवा भरलेली एक जादा रिम विकायला काढली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून क्लॅम्पनं आवळायची आणि पुढे निघायचं. त्यांच्या कंपनीला नाव होतं गावातल्या रस्त्याचं, स्टेपनी स्ट्रीट. म्हणजे आपली स्टेपनी! इथल्या गॅरेजात मी एकदा "स्टेपनी कुठाय?" असं विचारलं होतं, तर त्या माणसाला वाटलं मी लंडनचा पत्ता विचारतोय. कंपनी गेली, इथल्या लोकांनी शब्द टाकून दिला, पण कराडच्या स्टँडमागचा पंक्चरवाला तो रोज वापरतो.

हाच प्रकार डिकीचा. आपण सामान ठेवायच्या जागेला डिकी म्हणतो, इथे म्हणतात बूट. जुन्या दोन सीटच्या उघड्या गाड्यांना मागच्या बाजूला एक झाकण असे. ते उघडलं की आत जादाची सीट निघायची, तिचं नाव 'डिकी सीट'. पुढे बसणाऱ्यांना निदान टप मिळायचा, डिकीतल्या पाहुण्याला तोही नाही, पाऊस आला की सरळ डोक्यावर! ती सीट गेली, झाकण राहिलं आणि आपल्याकडे नावही राहिलं. म्हणजे मारुती ८०० ची डिकी उघडणारा प्रत्येक मराठी माणूस नकळत एका कन्व्हर्टिबलची आठवण काढत होता.

टप तर त्याहून जुना. तो टांग्याचा, बग्गीचा, मुंबईच्या व्हिक्टोरियाचा. लाकडी किंवा लोखंडी कमानी, त्यावर चामडं किंवा मेणकापड, आणि मागे दुमडायची सोय. मोटारवाल्यांनी हीच करामत उचलली. इंग्लंडात तर सुरुवातीच्या मोटारींच्या टपाला 'केप कार्ट हूड' म्हणत, दक्षिण आफ्रिकेतल्या घोडागाडीवरून. माझ्या गाडीच्या टपाच्या कमानी मी नीट बघितल्या. बिजागऱ्या गुळगुळीत आहेत, कापड भारी आहे, पण रचना व्हिक्टोरियाचीच.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९१९ साली अमेरिकेत दहातल्या नऊ गाड्या उघड्या असत. पत्र्याच्या बंद गाड्या स्वस्त होत गेल्या आणि पुढच्या दहा वर्षांत प्रमाण बरोबर उलटं झालं. उघडी गाडी गरजेतून गेली आणि हौसेत आली. १९३० च्या दशकात जॉर्ज पोलां नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं आख्खं धातूचं छप्पर डिकीत गडप होईल अशी युक्ती काढली आणि प्यूजोनं १९३४ पासून तशा गाड्या विकल्या. (हा पोलां पुढे नाझींविरुद्धच्या गुप्त कामात पकडला गेला आणि १९४२ साली त्याला गोळ्या घातल्या गेल्या.) १९३९ साली अमेरिकेत प्लायमाउथनं आपोआप उघडणारा टप आणला.

आपल्याकडे मुंबईत मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. सुरुवातीच्या मालकांमध्ये जमशेदजी टाटांचं नाव घेतलं जातं. पण सामान्य मराठी माणसाची उघडी गाडी कोणती म्हणाल तर जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून अमेरिकेत बनलेली विलीज, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी जुळवणी सुरू केलेली. धरणं, कालवे, तलाठी, बीडीओ, निवडणूक, सगळं या ताडपत्रीच्या टपाखालून चाललं. तिला 'कन्व्हर्टिबल' म्हणायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

युद्धातल्या जीपचे फोटो शोधताना मला एक बारीक गोष्ट दिसली. तिच्या तळाच्या पत्र्यात भोकं आणि त्यांना बुचं. पाण्यातून गाडी नेली, पाऊस आत आला, की बूच काढायचं. बस! पाणी आत येणार हे बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "मग मी काय सांगत होतो?"

तर आता आमच्या गाडीकडे. माहितीपुस्तिका पुन्हा वाचली आणि सापडलं. टपावरून ओघळलेलं पाणी मागच्या कडेच्या रबरी पन्हळीत जमतं, आणि तिथून सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या नळ्यांतून खाली, दाराखालच्या पट्ट्याजवळ बाहेर पडतं. टॉर्च लावून बघतो तर दोन्ही तोंडं पानांनी, सालपटांनी आणि काळ्या चिखलानं गच्च! मी गाडी दोन वर्षं एका मेपलच्या झाडाखाली लावत होतो. दोष कोणाचा, कळलं ना? टप बिचारा शाबूत होता. पन्हळ भरून पाणी आत उतरत होतं.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे (मंडळात निदान तिघे आहेत, मला माहीत आहे) त्यांनी लक्षात ठेवा, नळीत लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घ्या, टोक जरा गुळगुळीत करा आणि हळूहळू फिरवत खाली सोडा. हवेच्या दाबाचा मोहही टाळा, आतल्या आत नळी जोडापासून सुटली तर निस्तरणं कठीण. मग झारीनं थोडं थोडं पाणी ओतायचं. आधी काळं, मग चहासारखं, मग स्वच्छ.

गळतं कुठून हे शोधायची बाबांची पद्धत अशी. आतल्या कडांना टाल्कम पावडर लावायची, एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून खालून वर असं पाणी सोडायचं. खालून सुरुवात का, तर वरून ओतलं की सगळीकडेच ओलं होतं आणि काही कळत नाही. आम्ही प्रोग्रॅममधली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तोच न्याय. मी आत बसलो, सौ. झारी घेऊन बाहेर. तिला हा कार्यक्रम जरा जास्तच आवडला असं माझं मत आहे. डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात पावडरीवर एक बारीक ओघळ उमटला. रबर वाळलं होतं, बाकी काही नाही. रबराला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, व्हॅसलिन किंवा इंजिनचं तेल नाही, त्यानं रबर फुगतं आणि सैल पडतं.

कापडी टपाला जवळून जेट वॉश मारू नये, मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं, आणि वर्षातून एकदा पाणी न शोषणारा फवारा. ओला टप दुमडून ठेवला तर आतून बुरशी धरते. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर थंडीत टप दुमडू नका, तडा जातो. विजेवर चालणारा टप अडला तर पंपाला दोष देण्याआधी डिकीतला पडदा आणि खटके जागेवर आहेत का ते बघा. एक छोटा स्विच जरी 'नाही' म्हणाला तरी आख्खा टप हलत नाही. हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवा. आणि कार्पेट वाळलं असं वाटलं तरी उचलून खालचा फोम दाबून बघा, तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि खालून पत्रा खातो. एनसीटीवाले गंज बघतात, तो वरून नाही, खालून.

त्या रात्री पुन्हा पाऊस लागला, या खेपेला खराखुरा, पाटणसारखा. साडेदहा वाजता, म्हणजे भारतात पहाटेचे चार (बाबा चारलाच उठतात), त्यांना फोन लावला आणि मोबाइल हातात धरून, छत्री सावरत गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो. पट्ट्याखालून पाणी पडत होतं, तांब्यानं ओतावं तसं.

"ऐकू येतंय का, बाबा?"

"येतंय. दुसऱ्या बाजूला ने."

मी वळसा घालून पलीकडे गेलो, मोबाइल खाली धरला.

"हिकडं कमी आहे," बाबा म्हणाले. "उद्या परत दोरी घाल."